लाइट आली, पण बोर्ड उठेना

नदीकाठच्या मोटरीचा ऑटो स्टार्टर बंद पडला की त्याच्याबद्दल बहुधा दोनच निदाने होतात: ‘बोर्ड उडाला’ किंवा ‘प्रोग्राम उडाला’. पहिल्या निदानात बोर्ड बदलतात, दुसऱ्यात चिप काढून पुन्हा प्रोग्राम करतात. दोन्ही उपायांनंतर यंत्र काही दिवस चालते, त्यामुळे निदान बरोबरच होते असा समज पक्का होतो. पण स्टार्टर रोज हाताळणाऱ्या माणसाला विचारले तर तो वेगळेच सांगेल: मेन स्विच पाडायचा, पाच-दहा मिनिटे थांबायचे, स्विच वर करायचा, बोर्ड चालू होतो. ही खूण महत्त्वाची आहे. जळालेली चिप थांबल्याने बरी होत नाही आणि पुसला गेलेला प्रोग्राम स्विच वर केल्याने परत येत नाही. वीज तोडून, थांबून, पुन्हा दिल्यावर जे सुधारते त्याचा दोष वीज कशी आली यातच शोधायला हवा. माझे म्हणणे असे, की मायक्रोकंट्रोलर सुरू न होण्याच्या तक्रारीचा तपास वीज आल्यानंतरच्या पहिल्या सेकंदापासून व्हायला हवा. त्या सेकंदात चिपला ‘आता काम सुरू कर’ हा निरोप बहुतेक स्वस्त बोर्डांत वेळ मोजून दिला जातो. तो व्होल्टेज मोजून द्यायला हवा. बाकी सगळे यातून निघते.

हा दोष कुठल्याही प्रयोगशाळेच्या टेबलावर सहसा दिसत नाही, पण पोशीरसारख्या गावात दिसतो, आणि त्याचे कारण गावाच्या विजेत आहे. पोशीर कर्जत तालुक्यातले, त्याच नावाच्या नदीच्या खोऱ्यातले; ही नदी पुढे उल्हासला मिळते. कर्जत-खालापूरच्या या पट्ट्याचे विजेशी नाते शंभर वर्षांहून जुने आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर अडवलेले पाणी खाली सोडून टाटांनी १९१५ मध्ये खोपोलीला आणि १९२२ मध्ये भिवपुरीला वीजघर चालू केले आणि मुंबईच्या गिरण्यांना वीज दिली. भिवपुरीहून बाहेर पडणाऱ्या पाण्यावर राजनाल्याची उन्हाळी भातशेती उभी राहिली. मात्र वीजघर डोंगराच्या पायथ्याशी असले म्हणून लाइनीच्या शेवटच्या खांबावर व्होल्टेज चांगले मिळेलच असे नाही. तिथले व्होल्टेज डीपीची (गावच्या वितरण ट्रान्सफॉर्मरची) क्षमता, तारांची लांबी आणि जाडी, आणि त्या क्षणी किती मोटरी चालू होत आहेत यावर ठरते. ६३ केव्हीएची डीपी पूर्ण भाराला एका फेजमागे सुमारे ८८ अँपिअर देते. ५ हॉर्सपॉवरची मोटर चालताना ७-८ अँपिअर घेते, पण सुरू होताना साधारण सहापट, म्हणजे ४५ अँपिअरच्या आसपास. आता समजा पावसाळी वाऱ्यात फांदी पडून गेलेली लाइट परत आली आणि त्या डीपीवरच्या १० मोटरी ऑटोवर असल्यामुळे एकाच क्षणी उठल्या. मागणी ४५० अँपिअरची झाली. व्होल्टेज कोसळते, मोटरी रखडत वेग घेतात, आणि काही सेकंद २३० च्या जागी १७०, कधी त्याहून कमी व्होल्ट मिळतात. काही वेळा फ्यूज जातो, लाइट पुन्हा जाते, पुन्हा येते. महावितरण शेतकऱ्यांना मोटरींचे ऑटो स्विच काढून कॅपॅसिटर बसवायला सांगत आले आहे ते याच कारणासाठी.

नेमक्या याच सेकंदांत स्टार्टरमधली चिप जागी होत असते. मायक्रोकंट्रोलर म्हणजे प्रोसेसर, स्मृती आणि बाहेरच्या जगाशी जोडणाऱ्या पिना एकाच तुकड्यात असलेला छोटा संगणक. वीज मिळाली त्या क्षणी त्याच्या आतल्या रजिस्टरांत काय असेल ते सांगता येत नाही. चिपला ठोके देणारा क्रिस्टल हलू लागून स्थिर व्हायला काही मिलिसेकंद लागतात. व्होल्टेज पुरेसे नसेल तर प्रोग्राम स्मृतीतून सूचना वाचताना चूक होते: जी सूचना लिहिली आहे ती एक आणि जी पाळली जाते ती दुसरी. म्हणून प्रत्येक चिपला रिसेटची पिन असते. ती पिन ठरलेल्या पातळीवर आहे तोवर चिप काहीच करत नाही. सोडली की पहिल्या सूचनेपासून सुरुवात करते. त्यामुळे रिसेट लावायचा कधी यापेक्षा तो सोडायचा कधी हा प्रश्न अधिक नाजूक आहे. पुरवठा चिपच्या किमान गरजेच्या वर गेला आहे, तिथे टिकला आहे, आणि क्रिस्टल स्थिर झाला आहे, या तिन्ही गोष्टी झाल्यावरच तो सुटला पाहिजे.

महाराष्ट्रातल्या पॉलिटेक्निकांमधून ज्या चिपवर कित्येक पिढ्या शिकल्या ती ८०५१. इंटेलने ती १९८० मध्ये आणली आणि तिचे ८९एस५२ सारखे वंशज आजही मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत सहज मिळतात. तिची रिसेट पिन वरच्या पातळीवर काम करते. पुस्तकातले सर्किट सर्वांना पाठ असते: पाच व्होल्टपासून रिसेट पिनपर्यंत १० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर आणि पिनपासून ग्राउंडपर्यंत १० किलोओहमचा रेझिस्टर. वीज आली की रिकामा कॅपॅसिटर पिनला वर ओढतो, मग भरत जातो आणि पिन खाली येते. दोन्हींचा गुणाकार १०० मिलिसेकंद. चिपच्या माहितीपत्रकाप्रमाणे रिसेट नक्की ओळखला जायला पिनवर पुरवठ्याच्या किमान ७० टक्के व्होल्टेज लागते. पाच व्होल्ट एका झटक्यात आले तर पिन या पातळीच्या वर सुमारे ३६ मिलिसेकंद राहते. १२ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवर चिपला फक्त दोन मशीन सायकल, म्हणजे दोन मायक्रोसेकंद रिसेट पुरतो. क्रिस्टल स्थिर व्हायचे मिलिसेकंद धरले तरी ३६ भरपूर वाटतात. वर्गातल्या टेबलावर, जिथे पॉवर सप्लायचे बटण दाबताच पाच व्होल्ट येतात, तिथे हे सर्किट कधी चुकत नाही.

आता तेच पाच व्होल्ट झटक्यात न येता सावकाश चढत गेले तर काय होईल याचे गणित करून पाहू. पुरवठा शून्यापासून पाचपर्यंत १०० मिलिसेकंदांत सरळ रेषेत चढला असे धरा. सुरुवातीला पिन पुरवठ्याबरोबर वर जाते, पण कॅपॅसिटर त्याच वेळी भरतही असतो, म्हणून ती हळूहळू मागे पडते. गणित सांगते की ७६ व्या मिलिसेकंदाला पिनचे व्होल्टेज पुरवठ्याच्या ७० टक्क्यांखाली येते, आणि त्या वेळी पुरवठा असतो ३.८ व्होल्ट. ८९एस५२ ला किमान ४ व्होल्ट लागतात. म्हणजे चिपला कामाची खात्री देता येईल त्याआधीच रिसेटची खात्री संपली. पुरवठा चढायला पूर्ण एक सेकंद लागला तर ही वेळ तीच राहते, ७६ मिलिसेकंद, पण तेव्हा पुरवठा अवघा ०.३८ व्होल्ट असतो, आणि त्यानंतर पुरवठा पाचवर पोहोचेपर्यंत पिन अर्ध्या व्होल्टच्या वर जात नाही. इथे रिसेट चिप जिवंत होण्याआधीच येऊन गेला. चिपच्या दृष्टीने रिसेट झालाच नाही. रजिस्टरांत जे पडले असेल त्यावरून ती कुठूनही चालायला लागते, किंवा चालतच नाही. या सर्किटला पुरवठ्याचे व्होल्टेज माहीत नसते. त्याला फक्त आपला कॅपॅसिटर किती भरला ते कळते.

लाइट पूर्ण न जाता फक्त झोका खाते तेव्हा परिस्थिती आणखी वाईट होते, आणि पोशीरच्या लाइनीवर झोके पूर्ण जाण्यापेक्षा जास्त. कॅपॅसिटर भरलेला आहे, पिन शून्यावर आहे, अशा वेळी पुरवठा पाचवरून अडीचवर घसरला आणि परत आला. परत चढताना पिन जास्तीत जास्त तेवढीच वर उचलली जाते जेवढा पुरवठा खाली गेला होता, म्हणजे अडीच व्होल्ट. रिसेटसाठी साडेतीन हवेत. म्हणून या सर्किटकडून खात्रीचा रिसेट मिळायला पुरवठा आधी दीड व्होल्टच्या खाली गेलेला असला पाहिजे. दीड आणि चार यांच्यामधली सगळी पट्टी निराधार आहे: तिथे घसरलेली चिप चुकीच्या सूचना पाळू शकते आणि पुरवठा परतल्यावर तिला कोणी पुन्हा पहिल्या सूचनेवर आणत नाही. बोर्डावरचा दिवा लागलेला, मीटरवर पाच व्होल्ट, आणि मोटर बंद. या अवस्थेला लोक ‘हँग झाला’ म्हणतात. कमी व्होल्टेजमध्ये भरकटलेला प्रोसेसर कायम स्मृतीत लिहिण्याची सूचनाही चुकून पाळू शकतो. एव्हीआर चिपांच्या माहितीपत्रकात ही कायम स्मृती, म्हणजे ईईप्रॉम, अशा तऱ्हेने बिघडू शकते असा इशारा स्पष्ट दिलेला आहे. विहीर कोरडी पडल्यावर मोटर किती वेळात थांबवायची, किती वाजता चालू करायची, ही लावून ठेवलेली माहिती लाइट गेल्यावर ‘आपोआप बदलली’ अशी तक्रार असेल तर तिचे मूळ बहुधा इथे असते, आणि ‘प्रोग्राम उडाला’ या निदानात जो थोडासा सत्यांश आहे तोही हाच.

पण मेनचे व्होल्टेज कमी झाल्याने पाच व्होल्टवर इतका परिणाम का व्हावा, मध्ये ७८०५ रेग्युलेटर आहे ना? ही शंका रास्त आहे, म्हणून आकडे मांडतो. स्वस्त बोर्डात ९ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, चार डायोड, १००० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर आणि ७८०५ असतो. २३० व्होल्टला ट्रान्सफॉर्मरच्या ९ व्होल्टचा माथा १२.७ वर, दोन डायोडांचे १.४ वजा जाता ११.३. रिले आणि बाकीचे मिळून २०० मिलिअँपिअर घेत असतील तर दर १० मिलिसेकंदांच्या अर्ध्या लाटेत कॅपॅसिटर जवळजवळ २ व्होल्ट रिकामा होतो. खालचे टोक ९.३. ७८०५ ला बाहेरच्यापेक्षा सुमारे २ व्होल्ट जास्त, म्हणजे ७ लागतात. सगळे ठीक. आता मेन १७० वर आणा. माथा ८, खालचे टोक ६. म्हणजे सेकंदाला १०० वेळा रेग्युलेटरला हवे त्यापेक्षा कमी मिळते आणि त्याचे पाच व्होल्ट प्रत्येक वेळी चारपर्यंत घसरून परत येतात. मेन १२० वर गेले तर माथाच ५.२ आणि टोक ३.२, रेग्युलेटर नावापुरता उरतो. हे ढोबळ आकडे आहेत, कमी भाराला ट्रान्सफॉर्मर थोडे जास्त देतो, पण दिशा बदलत नाही. आणि यातच तपास करणाऱ्याची सर्वांत मोठी फसगत आहे. साधा मल्टिमीटर सरासरी दाखवतो. पाच आणि चार यांच्यामध्ये करवतीसारखे हलणारे व्होल्टेज त्याला ४.८ च्या आसपास दिसते, मेकॅनिक म्हणतो ‘सप्लाय ओके’, आणि तिथून पुढे सगळा तपास चुकीच्या वाटेने जातो.

त्यात चिपच्या स्वतःच्या कामाने भर पडते. रिसेटमध्ये असताना बोर्ड फार थोडा प्रवाह घेतो, म्हणून कॅपॅसिटरवरचे व्होल्टेज चांगले असते. चिप उठते, रिले ओढते, मोबाइल स्टार्टर असेल तर जीएसएम मोड्यूल टॉवर शोधू लागते. सिम८०० सारखे मोड्यूल प्रक्षेपणाच्या क्षणी २ अँपिअरपर्यंत ओढते. हे क्षण अर्ध्या मिलिसेकंदाहून थोडेच मोठे असतात, पण पुरवठ्याला खड्डा पाडायला तेवढे पुरतात. व्होल्टेज पडते, चिप कोलमडते, रिले सुटतो, भार कमी होतो, व्होल्टेज वर येते, चिप पुन्हा उठते. पेटीतून येणारा रिलेचा सलग टकटक आवाज ज्याने ऐकला आहे त्याने हे चक्र ऐकले आहे. यात प्रोग्राममधली एकही ओळ चुकीची नाही.

बॅटरी असलेल्या बोर्डांचा प्रश्न वेगळा, आणि मला तो अधिक रंजक वाटतो. ‘लाइट गेली’ असा मेसेज पाठवता यावा म्हणून जीएसएम मोड्यूलला छोटी बॅटरी देतात. मेन गेल्यावर मोड्यूल जिवंत राहते, पण मुख्य चिपचा पुरवठा तुटतो. दोघांना जोडणारी डेटाची तार मात्र तशीच असते, आणि मोड्यूल तिच्यावर वरची पातळी धरून बसलेले असते. तो प्रवाह चिपच्या पिनमधून, आतल्या संरक्षक डायोडमधून, चिपच्या पुरवठ्याच्या तारेवर पोहोचतो. पुरवठा बंद असूनही तिथे एक-दोन व्होल्ट रेंगाळतात. चिपच्या आतले पॉवर-ऑन रिसेट सर्किट पुन्हा सज्ज व्हायला पुरवठा आधी एका ठरावीक पातळीच्या खाली जावा लागतो; एटमेगा ३२८पी या एव्हीआर चिपच्या माहितीपत्रकात ही अट लिहिलेली आहे. पुरवठा तितका खाली गेलाच नाही तर लाइट परत आल्यावर तो रिसेट घडत नाही. अशा बोर्डावर मेन स्विच पाडून कितीही थांबले तरी उपयोग होत नाही, बॅटरीची पिन काढली की मात्र लगेच चालतो. टाकीतल्या लेव्हल सेन्सरला दुसरीकडून वीज दिलेली असेल तरी हेच. डेटाच्या तारेत एखाद्या किलोओहमचा रेझिस्टर टाकणे आणि पुरवठ्याला रिकामे होण्याची वाट देणारा रेझिस्टर लावणे, हे उपाय साधे आहेत, पण कारण कळल्याशिवाय ते सुचत नाहीत.

या सगळ्याला पहिला आक्षेप अनुभवाचा आहे: हेच कॅपॅसिटर-रेझिस्टरचे सर्किट लाखो बोर्डांत आहे आणि चालते. खरे आहे. जिथे पुरवठा झटक्यात येतो आणि पूर्ण जातो तिथे ते चालतेच. पण त्यातून एवढेच सिद्ध होते की त्या ठिकाणची वीज चांगली होती. कॅपॅसिटर मोठा केला तर? १० च्या जागी १०० मायक्रोफॅरड बसवून वेळ दहापट करणारे अनेक आहेत, आणि सावकाश चढणाऱ्या पुरवठ्यात त्याचा काही फायदा होतोही. पण झोक्याच्या बाबतीत तो शून्य. मोठा कॅपॅसिटर रिकामा व्हायलाही दहापट वेळ घेतो, म्हणून लाइट दोन-चारशे मिलिसेकंद जाऊन आली तर तो अजून भरलेलाच असतो. रेझिस्टरला समांतर डायोड लावून तो लवकर रिकामा करता येतो. हा डायोड बसवायलाच हवा, पण दीड ते चार व्होल्टची पट्टी त्यानेही झाकली जात नाही.

दुसरा आक्षेप वॉचडॉगचा, आणि तो सहसा प्रोग्राम लिहिणाऱ्यांकडून येतो: चिप भरकटली तर वॉचडॉग टायमर तिला पुन्हा रिसेट करेल. हा आधार सुरुवातीच्या क्षणी मिळत नाही. ८९एस५२ मधला वॉचडॉग रिसेटनंतर बंदच असतो. प्रोग्रामने दोन ठरावीक आकडे एकामागून एक लिहिल्यावर तो चालू होतो. जी चिप पहिल्या सूचनेपर्यंत पोहोचलीच नाही तिने हे आकडे लिहिलेलेच नसतात. शिवाय तो त्याच क्रिस्टलवर मोजतो. क्रिस्टल हलला नाही तर वॉचडॉगही झोपलेला. एटमेगात वॉचडॉगला स्वतंत्र ऑसिलेटर आहे आणि फ्यूज बिटने तो कायम चालू ठेवता येतो, हे नक्कीच चांगले. तरीही कमी व्होल्टेजमध्ये वॉचडॉगने दिलेला रिसेट चिपला पुन्हा त्याच कमी व्होल्टेजमध्ये सोडतो. वॉचडॉग हवाच, पण तो चालत्या प्रोग्रामचा राखणदार आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. नव्या चिपांत ब्राउन-आउट डिटेक्टर आतच असतो, तो व्होल्टेज मोजतो आणि कमी पडले की रिसेट धरून ठेवतो; मग बाहेर काही कशाला? तत्त्वतः माझे म्हणणे या आक्षेपात मान्यच झालेले आहे, कारण हा डिटेक्टर व्होल्टेजच मोजतो. प्रश्न तो चालू आहे का आणि कुठल्या पातळीला लावला आहे हा. एटमेगा ३२८पी कारखान्यातून येते तेव्हा तो बंद असतो. आर्डुइनो उनोवर तो २.७ व्होल्टला लावलेला असतो, आणि तो बोर्ड १६ मेगाहर्ट्झवर चालतो. माहितीपत्रकातल्या आलेखाप्रमाणे २.७ व्होल्टला फक्त १० मेगाहर्ट्झची खात्री आहे, २० मेगाहर्ट्झला ४.५ व्होल्ट लागतात, आणि १६ ला सुमारे ३.८. म्हणजे २.७ ते ३.८ या पट्टीत चिप खात्रीच्या बाहेर चालते आणि डिटेक्टर गप्प बसतो. त्याच चिपमध्ये ४.३ व्होल्टची पातळी निवडता येते. पाच व्होल्टच्या बोर्डासाठी तीच निवडायला हवी, आणि त्यासाठी एक पैसाही खर्च होत नाही. पिक १६एफ८७७ए मध्ये ही पातळी सुमारे ४ व्होल्ट आहे, पण तिथेही डिटेक्टर कॉन्फिगरेशनमध्ये चालू आहे ना ते पाहावे लागते. ईएसपी३२ बद्दल तर तिची निर्माती एस्प्रेसिफच सांगते की पुरवठा सावकाश चढत असेल किंवा वारंवार ये-जा करत असेल तर इनेबल पिनवरचा रेझिस्टर-कॅपॅसिटर पुरेसा नाही, बाहेरची रिसेट चिप लावा. चिप नवी आहे म्हणून हा प्रश्न मिटला असे मानणाऱ्यांनी एवढे वाचून घ्यावे.

अशी बाहेरची चिप म्हणजे सुपरवायझर. मॅक्स ८०९ आणि ८०५१ साठी लागणारी तिची उलट्या पातळीची बहीण मॅक्स ८१० या तीन पायांच्या चिपा आहेत. पुरवठा ठरलेल्या पातळीखाली असेल तोवर त्या रिसेट धरतात, पुरवठा वर गेल्यावर किमान १४० मिलिसेकंद आणखी धरतात, आणि मध्येच झोका आला तर ही मोजणी पहिल्यापासून सुरू करतात. पातळी निवडताना मात्र ‘जितकी वर तितकी चांगली’ असे समजू नये. ४.६३ व्होल्टची चिप प्रत्यक्षात ४.७५ पर्यंत कुठेही रिसेट देऊ शकते, आणि ७८०५ ची मर्यादाही खाली ४.७५ पर्यंत जाते. दोन्ही वाईट टोके जुळली तर चांगल्या विजेवरही बोर्ड उगाच रिसेट होत राहील. ८९एस५२ ला ४ व्होल्ट लागतात, म्हणून ४.३८ ची चिप तिला योग्य बसते.

आता प्रत्यक्ष तपास. बोर्ड अडकलेला असताना मेन पाडायचा मोह आधी आवरावा, कारण पुरावा त्या अवस्थेतच आहे. प्रथम रिसेट पिन हाताने सक्रिय करून सोडावी. बोर्ड लगेच चालला तर चिप, क्रिस्टल, प्रोग्राम तिन्ही चांगले आहेत आणि दोष वीज येतानाच्या रिसेटचा आहे. अर्धा तपास एका बोटाने झाला. नाही चालला तर क्रिस्टल हलतो का पाहावे. ८०५१ मध्ये एएलई पिनवर क्रिस्टलच्या एक षष्ठांश वारंवारता असते, म्हणून ऑसिलोस्कोप नसला तरी मल्टिमीटर त्या पिनवर शून्य किंवा पाच न दाखवता मधलेच काही दाखवत असेल तर ऑसिलेटर चालू आहे. ईए पिन पाच व्होल्टला बांधलेली आहे ना तेही पाहून घ्यावे. ती तरंगती राहिली तर चिप आतला प्रोग्राम सोडून बाहेरचा शोधते, आणि हा दोष पुरवठ्याच्या दोषासारखाच लहरी वागतो. मग मेन पाडून चिपच्या पुरवठ्यावर किती व्होल्ट उरतात ते मोजावे. शून्याच्या जवळ न येता काही रेंगाळत असेल तर चोरवाटेने येणारा प्रवाह शोधावा. मेन एक सेकंद, दहा सेकंद आणि पाच मिनिटे बंद ठेवून प्रत्येक वेळी काय होते ते लिहून ठेवावे. फक्त छोट्या खंडानंतर बोर्ड अडकत असेल तर कॅपॅसिटर रिकामा होत नाही. खंड कितीही असला तरी अडकत असेल तर सावकाश चढणारा पुरवठा संशयित.

दोन चॅनेलचा डिजिटल ऑसिलोस्कोप मिळाला तर एक चॅनेल पुरवठ्यावर, दुसरा रिसेटवर, आणि सिंगल ट्रिगर लावून मेन चालू करावा. रिसेट सुटतो त्या क्षणी पुरवठा किती होता हा एकच आकडा बघायचा आहे. टेबलावर मात्र मेन डिमरस्टॅटमधून (व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरमधून) द्यावे आणि १२०, १४०, १७० व्होल्टवर काही सेकंद थांबत वर न्यावे, मध्येच झोकेही द्यावेत, नाहीतर चांगल्या विजेवर चांगला निकाल मिळेल आणि बोर्ड पुन्हा पोशीरला जाऊन अडकेल. डिमरस्टॅट मेनपासून विलग करत नाही, म्हणून प्राथमिक बाजूला प्रोब किंवा हात लावू नये. एव्हीआर आणि पिकमध्ये शेवटचा रिसेट कशामुळे झाला हे सांगणारे बिट असतात. प्रोग्रामने सुरुवातीलाच ते वाचून साठवले तर महिनाभराने बोर्ड परत आला तेव्हा त्याचीच साक्ष मिळते. बाजारात विकल्या जाणाऱ्या बोर्डांत हे इतके क्वचित केलेले असते याचे वाईट वाटते, कारण त्याला दोन-चार ओळी पुरतात. पावसाळ्यात आणखी एक गोष्ट तपासावी. एटमेगाच्या रिसेट पिनला आत ३० ते ६० किलोओहमचाच आधार असतो. पेटीतल्या ओल्या धुळीची गळती आणि पॅनेलवरच्या रिसेट बटणापर्यंत नेलेली लांब तार, जी कॉन्टॅक्टरचा प्रत्येक ठोका उचलते, या दोन्हींपुढे तो तोकडा पडतो. बाहेरून १० किलोओहम, पिनच्या जवळ १०० नॅनोफॅरड, आणि बोर्डावर वॉर्निशचा थर, एवढे हवेच.

चांगल्या रिसेटवर एक शेवटचा आक्षेप उरतो, आणि तो लाइनीच्या बाजूने आहे. सगळे बोर्ड न अडकता उठू लागले तर लाइट येताच सगळ्या मोटरी आणखी शिस्तीत एकदम चालू होतील आणि व्होल्टेज आणखी कोसळेल. आक्षेप बरोबर आहे, आणि त्याचे उत्तर रिसेटनंतर प्रोग्रामने द्यायचे आहे: मेनचे व्होल्टेज ठरावीक पातळीच्या वर काही मिनिटे टिकले आहे हे पाहूनच मोटर चालू करायची, आणि ही मिनिटे प्रत्येक बोर्डात वेगळी ठेवायची, म्हणजे एका डीपीवरच्या मोटरी एकामागून एक उठतील. पण चिप रिसेटमध्ये असताना प्रोग्राम काही करू शकत नाही, आणि ८०५१ च्या पोर्ट पिना रिसेटमध्ये वरच्या पातळीवर असतात. रिले वरच्या पातळीने ओढला जाईल असे ड्रायव्हर सर्किट असेल आणि पिनला बाहेरून पुल-अप दिलेला असेल, तर सुपरवायझर रिसेट जितका वेळ धरेल तितका वेळ रिले ओढलेला राहील, आणि ज्या झोक्यात मोटर बंद राहायला हवी त्याच झोक्यात तिला धक्का बसेल. म्हणून जुन्या बोर्डात मॅक्स ८१० बसवण्याआधी रिसेट दाबून धरून रिले सुटलेला राहतो का ते पाहावे, आणि राहत नसेल तर आधी ड्रायव्हर खालच्या पातळीवर चालणारा करून घ्यावा.